ढिम्म काटे

अरे ऐका ना! आमच्या इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या घराच्या ड्राइव्हवेवर बाबांची ती पन्नास वर्षं जुनी वॉटर-स्कीइंगची बोट उभी आहे ना, तिची वायरिंग करायला स्लाऊहून प्रज्ञेश येतो, दर शनिवारी. बाबांना वाटतं बोटीसाठी येतो, पण येतो माझ्यासाठी! स्टिअरिंग बसलं, नवीन वायरी ओढून झाल्या, राहिले फक्त डॅशबोर्डवरचे मीटर. ते चालले की बोट तयार, मग हा घरी येणार कुठल्या निमित्ताने? म्हणून निघताना तो मीटरची अर्थिंगची वायर हळूच सैल करून जायचा. पुढच्या शनिवारी काटे परत ढिम्म!

गेल्या वेळी मात्र आईने पोहे खायला हाक मारली आणि त्या गडबडीत वायर सैल करायची राहिलीच. मी आठवडाभर नुसती टेन्शनमध्ये. आज प्रज्ञेश आला, तर बाबा दारातच उभे.

"ये रे. काटे परत हलत नाहीयेत."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय! प्रज्ञेश डॅशबोर्डखाली आडवा झाला, तर वायर चक्क काढलेली आणि तिचा नट गायब.

"काका, याचा नट कुठे दिसत नाहीये."

बाबांनी शर्टाच्या खिशातून नट काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"वायर अशी सैल सोडत जाऊ नकोस, ठिणगी उडते. काढायची तर पूर्ण काढावी," ते म्हणाले. "आणि आज नुसत्या पोह्यांवर पळू नकोस, जेवूनच जा."