यादीतलं एक जुनं नाव

राज्याच्या इतिहास आयोगाची पुनर्रचना झाली. अकरा जुन्या इतिहासकारांपैकी दहा जणांना नारळ मिळाला, आणि त्यांच्या खुर्च्यांवर कुणी कंत्राटदार, कुणी कुणाचा मेहुणा येऊन बसला. जुन्यांतलं एकच नाव यादीत राहिलं होतं. ते वाचलं आणि त्या सदस्याची बायको मृत्यूचा दाखला घेऊन तडक सचिवांच्या खोलीत शिरली.

"अहो, ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली! खांदा द्यायला तुम्हीही होतात की."

सचिवांनी दाखल्यासाठी हात पुढे केला.

"प्रत्येक बैठकीच्या इतिवृत्ताखाली सहीच्या जागी 'असहमत' लिहायचे हे. जन्मभर त्यापायी शिव्या खाल्ल्या. आता ह्यांच्या नावावर भलतंसलतं खपायला नको. चुकून राहिलं असेल, तर खोडा ते नाव."

सचिवांनी दाखला शेवटपर्यंत वाचला, नीट घडी घालून तिच्या हातात परत दिला आणि उठून दार लोटून घेतलं.

"चुकून नाही राहिलं, वहिनी. आयोगात एक तरी इतिहासकार हवाच, असा कायदा आहे."

 

"आणि बाकीचे दहा अजून जिवंत आहेत."