भिंतीवरचे ठिपके

ठिपके सरकले होते. एखाद-दुसरा नव्हे, सगळेच्या सगळे. राहतने लॅपटॉप उन्हातून फाटकाच्या सावलीत ओढला आणि पुन्हा पाहिलं.

भवानी पेठेतल्या त्यांच्या टॉवेलच्या कारखान्याची ही जुनी दगडी भिंत. यंदा तिला पोट आलं होतं. राहत इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायची. तिने भिंतीला पांढरा रंग फासला, त्यावर टूथब्रशने काळे शिंतोडे उडवले आणि समोर कॅमेरा लावला. जुना फोटो आणि नवा फोटो कॉम्प्युटर ठिपक्याला ठिपका जुळवून बघायचा. भिंत केसभर हलली तरी कळणार. "पोरीनं भिंतीला गोवर आणला की," म्हणून तिची अम्मी सायराबानू तेव्हा हसली होती.

आता कोणी हसत नव्हतं. दर आठवड्याला ठिपके थोडे थोडे सरकत होते. बाहेर जायची वाट म्हणजे ती भिंत आणि यंत्रमाग यांच्यामधला बोळ. तिथून जो तो जीव मुठीत धरून पळायचा. बसणं-उठणं, जेवणखाण सगळं मागच्या नव्या खोलीत हललं होतं. सिमेंटचे खांब, गुळगुळीत फरशी. अख्ख्या कारखान्यात भरवशाचं म्हणावं असं तेवढंच होतं. कॅमेरासुद्धा राहतने त्याच खोलीच्या दारातल्या खांबाला आवळून बसवला होता.

माग चालू असले की सगळंच थरथरतं. म्हणून शुक्रवारी नमाजसाठी माग बंद झाले, की ती फोटो घ्यायची. आजचा फोटो घेऊन ती फाटकाशी येऊन बसली होती. नमाज पढून आलेले अब्बा, कामगार, अम्मी, सगळे आत नव्या खोलीत जेवायला बसले होते.

"कोणी बाहेर येऊ नका!" राहत फाटकातूनच ओरडली. "भिंत सरकलीय! खोलीतच थांबा!"

आतला ताटांचा आवाज बंद झाला.

"किती सरकली गं?" अब्बांनी विचारलं. अब्बांचा, म्हणजे पीरसाबांचा आवाज एरवी मागांच्या खडखडाटातही ऐकू जायचा. आज तो बसल्यासारखा येत होता.

"लई. इतकी कधीच सरकली नव्हती."

"मग आमी हितंच बरं, ताई," मल्लिकार्जुन म्हणाला. तो त्यांचा जुना कामगार. "या खोलीला काय बी होत न्हाय."

राहतने अग्निशमन दलाला फोन लावला. पलीकडे घंटी वाजत होती आणि तिची नजर फोटोवर फिरत होती. भिंतीत वर एक उघडी खिडकी होती. खिडकीतून गल्लीपलीकडच्या घराच्या गच्चीवरची पाण्याची काळी टाकी दिसायची. राहत आजवर फक्त ठिपकेच बघत आली होती. आज तिने टाकी पाहिली.

टाकीही सरकली होती. वरच्या बाजूला, ठिपक्यांइतकीच.

ही भिंत सरकली म्हणून गल्लीपलीकडची टाकी कशाला सरकेल? फोटोतलं सगळंच वर गेलं होतं. म्हणजे फोटो काढणारा, नव्या खोलीच्या खांबावरचा कॅमेराच खाली वाकला होता.

चोर सोडून संन्याशाला फाशी, तशी गत झाली होती.

फोन तसाच टाकून ती बोळाच्या तोंडाशी धावली. नवी खोली जुन्या आडावर उभी होती. पूर्वी त्या आडाच्या पाण्यावर सूत रंगवायचे. ते बंद झालं आणि आड बुजवला गेला.

"अब्बा, आड कशानं बुजवला होता?"

"आं? हे काय आत्ता इचारायचं हाय?"

"सांगा!"

"कशानं म्हंजे? मागाखालच्या कचऱ्यानं. तुटकं सूत, चिंध्या, वर थोडी माती. फुकटचा भराव की."

"बाहेर पळा! सगळे बोळात या, भिंतीकडं!"

कोणी जागचं हललं नाही. तिलाच वेड लागलंय, अशा नजरेनं सगळे तिच्याकडे बघत राहिले. या भिंतीचं भय तिनेच घराला शिकवलं होतं. तिला रडू फुटलं. ती तशीच बोळात शिरली आणि त्या फुगलेल्या दगडांना पाठ टेकून उभी राहिली.

"भिंत जागची हललेली न्हाय, अब्बा! खांब खचलाय. तुमच्या खालचं सूत कुजलंय!"

आधी अम्मी उठली. हातातली पळी तशीच घेऊन ती पोरीकडे धावली. मग मल्लिकार्जुन, मग बाकीचे. अब्बा सगळ्यांत शेवटी बाहेर पडले. जिच्या सावलीला इतके दिवस कोणी थांबत नव्हतं, त्या भिंतीला सगळं घर पाठ लावून उभं राहिलं, आणि समोर नवी खोली वाढलेल्या ताटांसकट खाली गेली.