सात नंबर

"गंगारामभाऊ, एकशे दहा किलोचा माणूस रेसरवर बसत नाही. दूधवाल्यांची डबल दांडीची घ्या," सायकलवाला महेश हसला.

पांडेसऱ्यातल्या त्या दुकानात गंगाराम एकेक रेसर उलटी करून पायडलजवळचा नंबर बघत होता. फ्रेम ज्या कारागिराने जोडली, त्याचा नंबर कारखान्यात तिथे ठोकतात.

चौथी सायकल त्याने आदळली तसा महेश भडकला. "घ्यायची नसेल तर हात लावू नका. नाहीतर ही घ्या, सगळ्यात स्वस्त. सात नंबर."

"सात सोडून दाखव."

"का? सातला काय झालं?"

"त्या कारागिराला कारखान्याचा शेठ नळ्यांच्या जोडात निम्मंच पितळ भरायला लावतो. हलक्या माणसाला दोन वर्षं कळत नाही. माझ्याखाली महिन्यात मोडेल."

"उगाच माल बदनाम करू नका. माझी पोरगी वृषाली वर्षभर सात नंबरच चालवतेय. तुम्हाला सांगितलं कोणी हे?"

गंगारामने हातातली रेसर हळूच खाली ठेवली.

"पोरीला उद्यापासून पायी पाठव," तो म्हणाला. "सात नंबर मी आहे."