पाव सूर चढी

“काका, परत एकदा. पहिल्यापासून,” सुहास म्हणाला आणि त्याने मान खाली घातली. भागोजींच्या तोंडाकडे बघायची त्याची हिंमतच होत नव्हती.

भागोजींना त्याचं काय! ते आपले खुशीत होते. पोलादपूरहून सकाळच्या एसटीने इलेक्ट्रिक गिटार मांडीवर धरून आले होते. आल्या आल्या खोलीभर नजर फिरवून त्यांनी विचारलं होतं, “स्टुडिओ कुठं हाय रे तुझा?” स्टुडिओ म्हणजे महाडातली हीच दहा बाय दहाची खोली, एक जुना कॉम्प्युटर, फुकटातलं सॉफ्टवेअर आणि हाताएवढी एक डबी. गिटारची वायर डबीत, डबीची वायर कॉम्प्युटरला. झालं! खोलीत नुसती तारांची टिणटिण, पण हेडफोनात मात्र अख्खं स्टेज वाजायचं.

पस्तीस वर्षं भागोजी भीमगीतांच्या पार्टीत गिटार वाजवत होते. वीस मार्चला चवदार तळ्याच्या कार्यक्रमात ते नाहीत, असं एकदाही झालं नव्हतं. पण हल्ली बोटं अडखळायची, मधलंच एखादं कडवं निसटायचं. पार्टीचा मालक राजेश वैतागला होता. “म्हाताऱ्याची सगळी गाणी रेकॉर्ड करून घे,” त्याने सुहासला सांगितलं होतं. “चुकलं तर परत वाजवून घे. यंदा त्यांच्याऐवजी ट्रॅकच लावू. त्यांना म्हण, सरावासाठी हवंय. आणि यापुढे पार्टीचं सगळं रेकॉर्डिंग तुझ्याकडे.” तीन वर्षं सुहासच्या खोलीत धड एक काम आलं नव्हतं. तो हो म्हणून बसला, आणि आता त्याला स्वतःचीच लाज वाटत होती.

दुपारपर्यंत अकराही गाणी झाली. भागोजी चहा प्यायला बसले. सुहासने पहिल्या गाण्याला कीबोर्ड जोडून पाहिला. कीबोर्ड एकीकडे, गिटार भलतीकडे. दुसरं गाणं लावलं, तेच. सगळीच्या सगळी गिटार चढी! एकटी ऐकताना काही कळलंच नव्हतं. म्हणजे काकांचा आता कानही गेला? त्याला भडभडून आलं.

“काका, गिटार जरा चढी लागली होती का?”

भागोजींनी बशी खाली ठेवली. “जरा नाय. बरोबर पाव सूर. मीच लावली.”

“अहो, पण का?”

“सरावाला रेकॉर्डिंग! पस्तीस वर्षांत कधी केलंय रे कुणी? बोटं म्हातारी झालीत माझी, डोकं नाय.” ते हसले, पण डोळे भरले होते. “राजेशला म्हणावं, लाव आता ट्रॅक. एक वाद्य जुळायचं नाय त्याच्याशी. शेवटी मलाच बोलवावं लागंल. बघच तू.”

सुहासने पडद्याकडे पाहिलं. सूर खाली आणायचं बटण समोरच होतं. ते एकदा दाबलं की अकराही गाणी जागच्या जागी. कॉम्प्युटरला एवढं सोपं असतं, हे काकांच्या गावीही नव्हतं.

तेवढ्यात राजेशचा फोन आला.

“काय रे, झालं का?”

“नाही जमलं, राजेशदादा,” सुहास म्हणाला. “चूक माझीच आहे. सगळं बेसूर आलंय आणि मला ते सरळ करता येत नाही. यापुढचं काम दुसऱ्या कुणाला दिलंत तरी चालेल. पण वीस तारखेला भागोजीकाकांनाच उभं करा.”

त्याने फोन ठेवला. भागोजींनी खूश होऊन मांडीवर थाप मारली.

“बघ! कॉम्प्युटरला पण नाय जमलं ना!”