भट्टीला माणूस हवा

मुलांनो, पावाची एक भट्टी डोळ्यांसमोर आणा. क्रोएशियातल्या एका खेड्यातली, थंड पडलेली. टेबलाच्या एका बाजूला सत्तरी ओलांडलेले विन्कोआजोबा, ऐसपैस रेलून. समोर नेपाळहून आलेला लोकेन्द्र, खुर्चीच्या टोकावर अवघडून. आणि मैद्याच्या पोत्यावर पाय हलवत बसलेली आठ वर्षांची निना.

भट्टीला आणखी एक माणूस हवा होता. कणीक मळायची आणि भट्टीही सांभाळायची, हे एकट्याच्याने होत नव्हतं. गावातले तरुण आयर्लंडला, जर्मनीला गेलेले. आठवडाभर माणसं येत होती नि जात होती. एकाला पोतं उचलेना, दुसऱ्याला पहाटे तीनला उठणं नको. आजही जमलं नाही, तर भट्टीला कुलूप. मग निनाला हे गाव, ही शाळा, जिवलग पेत्रा, सगळं सोडून शहरात जावं लागणार होतं.

“नेपाळात पाव खातात का रे?” विन्कोंनी विचारलं.

“भातच जास्त, काका.”

“मग झालंच कल्याण!”

लोकेन्द्र कसनुसं हसला.

“कणीक लाकडी काथवटीतच मळायची. यंत्राचं नाव काढायचं नाही.”

“बरं, काका.”

“पावात लसूण-बिसूण मला चालणार नाही.”

“नाही घालणार.”

“दुपारी मी झोपतो. तेव्हा भांडी आपटायची नाहीत. आणि रविवारी मी नदीवर मासे धरायला जातो. तिथे हाका मारत यायचं नाही.”

“नाही येणार, काका.”

निना दातओठ खात होती. किती ते ताणायचं! माणूस मिळत नाही म्हणून सगळं गाव रडतंय, आणि आजोबांचं आपलं लसूण नि मासे!

“आजोबा, हो म्हणा ना!” तिच्या तोंडून निघून गेलं.

“मोठी माणसं बोलताना मध्ये चिवचिव नको, चिमणे.”

विन्कोंनी लोकेन्द्रचा हात ओढून उलटासुलटा करून पाहिला. बराच वेळ. निनाचे हलणारे पाय थांबले.

“हात पिठातला दिसतोय,” ते शेवटी म्हणाले. “ठीक आहे. उद्या पहाटे तीनला.”

निनाने पोत्यावरून उडी मारली, “बाबा, आपल्याला माणूस मिळाला!” म्हणत लोकेन्द्रच्या गळ्यात पडली, आणि आतून एक कोरा एप्रन आणून बाबांच्या नव्या मदतनिसाच्या, म्हणजे विन्कोआजोबांच्या, ढेरीभोवती बांधू लागली.