तीन नंबरची बशी

"तू बशा बदलल्यास," मॅडम सूक्ष्मदर्शकावरून डोळे न काढता म्हणाल्या.

"नाही हो मॅडम," त्यांची विद्यार्थिनी म्हणाली.

वेगवेगळ्या वयाच्या चार माणसांच्या दंडातून घेतलेल्या कातडीच्या पेशी चार बशांत वाढवल्या होत्या. त्यांना तासभर उष्णतेचा ताण द्यायचा, एक दिवस विसावा द्यायचा आणि कोण किती सावरतं ते बघायचं. कोणती बशी कोणाची, हे फक्त विद्यार्थिनीला ठाऊक होतं. आपल्या नजरेत पक्षपात नको, म्हणून मॅडमनीच तसं ठरवलं होतं. तीन नंबर सर्वांत वयस्कर माणसाची नाही, एवढंच तिने आत्ता सांगितलं होतं.

एक नंबर छान सावरली होती. पेशीला आतून तोलून धरणारे धागे पुन्हा ताणून उभे राहिले होते. तीन नंबरमध्ये त्याच धाग्यांचा गुंता होऊन गोळा झाला होता, पेशी आक्रसल्या होत्या. चार नंबरमधल्या त्यापेक्षा कितीतरी बऱ्या.

"तीन नंबरच ऐंशी वर्षांच्या माणसाची आहे. आंधळ्यालाही दिसेल. एवढं साधं काम, आणि त्यासाठी दोन महिने माझं डोकं खाल्लंस?"

"मी पुन्हा करून पाहिलं, मॅडम. तेच येतंय."

"मग आणखी एकदा कर!"

विद्यार्थिनी हातमोज्याचं टोक ओढत उभी राहिली.

"अगं, बोल की! कोण आहे तीन नंबर?"

"तुम्ही."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आणि चार?"

"तुमच्या सासूबाई."

"वाटलंच मला!" मॅडम उसळल्या. "इथंसुद्धा!"

विद्यार्थिनीने हसू कसंबसं गिळलं. एका माणसाच्या पेशींवरून काहीच सिद्ध होत नाही, हे मॅडम दरवर्षी वर्गात सांगत. आताही सांगितलं, जरा मोठ्यानेच.

"मॅडम, मग तीन नंबर काढूनच टाकूया का?" विद्यार्थिनीने चाचरत विचारलं. "बाकीच्यांचा वयानुसार आलेख अगदी सरळ येतो. शुक्रवारी सगळ्यांसमोर मांडायचाय."

"काढून टाकूया?" मॅडमचा आवाज चढला. "का? सावरता आलं नाही म्हणून? असेल तसं मांडायचं. वाकडं आलं तर वाकडं."

"बरं." तिने बशा गोळा केल्या. "मोजून झालंय, या टाकून देते."

"ती ठेव."

मॅडमनी हातमोजे चढवले. तीन नंबरमधलं जुनं पोषकद्रव्य काढून ताजं घातलं. हे काम त्यांनी कित्येक वर्षांत स्वतः केलं नव्हतं. दोन थेंब बाहेर सांडले.

"एका दिवसाने फारसा फरक नाही पडणार, मॅडम."

"माहीत आहे गं मला! मीच शिकवलंय तुला ते."

बशी दोन्ही हातांत धरून त्या इन्क्युबेटरपाशी गेल्या. आतल्या उबेत ती मागच्या बाजूला सरकवली आणि दार लावलं. आत नुकताच कुणाचा तरी डोळा लागला असेल, तर त्या खोलीचं लावतात, तितक्या हळूच.