वसंतराव फोन उचलतात

"सेटिंग पुन्हा बदललंत ना तुम्ही?" मोहनाताईंनी चष्मा कपाळावर चढवत विचारलं.

 वसंतराव मोहित्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

हे चौथ्यांदा होत होतं. अनोळखी नंबरांवरून येणारे फोन आपोआप बंद व्हावेत अशी सोय मोहनाताई त्यांच्या मोबाइलवर करून द्यायच्या आणि आठवड्याभरात वसंतराव ती काढून टाकायचे.

मोहनाताई शाळेत कॉम्प्युटर शिकवून निवृत्त झाल्या होत्या. गेली तीन वर्षं बडोद्यातल्या अलकापुरीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात त्या दर शनिवारी सकाळी एकच वर्ग घेत होत्या. मोबाइलवरच्या फसवणुकीपासून कसं वाचायचं, हा विषय. वर्गात सगळे माना डोलवायचे आणि घरी जाऊन आलेली लिंक दाबायचे. परवाच एक बाई रडत आल्या. "बेन, मला वाटलं लग्नाचं आमंत्रण, कंकोत्री आहे, म्हणून उघडली." आता मोहनाताईंना रागही येत नव्हता. फक्त थकवा यायचा.

वसंतरावांचं मात्र कोडंच होतं. वर्गात ते पहिल्या रांगेत बसत. डिजिटल अरेस्ट असं कायद्यात काही नसतं, खरे पोलीस व्हिडिओवर चौकशी करत नाहीत, गडबड वाटली तर १९३० ही हेल्पलाइन लावायची. मोहनाताईंच्या आधी ते उत्तर द्यायचे. एकदा मोहनाताईंनी सांगितलं होतं, की असे फोन करणारी कितीतरी मुलं स्वतःच फसलेली असतात, नोकरीच्या नावाने परदेशात नेऊन कोंडलेली. तेव्हा चहा आला होता. कोणाचंच लक्ष नव्हतं.

आणि हाच हुशार विद्यार्थी फसवणुकीचा प्रत्येक फोन उचलायचा. तासतासभर बोलायचा.

"बायको गेली, मुलगा नोकरीला परदेशात," मंडळाचे चिटणीस जयवंतराव म्हणाले होते. "कोणीतरी बोलतंय, एवढंच त्यांना पुरतं हो ताई. पण एक दिवस सगळं घालवून बसतील. जरा घरी जाऊन बघा."

म्हणून आज मोहनाताई रिक्षा करून पाणीगेटला आल्या होत्या.

"तुम्हाला एकटं वाटतं हे मला समजतं," त्या म्हणाल्या. "दुपारचं आमच्याकडे या. माझे मिस्टरही घरीच असतात. पण हे थांबवा. तुमच्या मुलाशी बोलू का मी? त्याचा नंबर द्या."

"तिकडे नंबर सारखे बदलतात, ताई."

तेवढ्यात मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. मोहनाताईंनी हात पुढे केला, पण वसंतरावांनी आधीच उचलला आणि स्पीकर लावला.

हिंदीतून भारदस्त आवाज आला. तुमच्या नावाचं पार्सल कस्टमने पकडलंय. आत अमली पदार्थ आहेत. फोन ठेवलात तर घरी पोलीस येतील.

"ठेवा तो!" मोहनाताई कुजबुजल्या.

वसंतरावांनी त्यांचा हात हलकेच बाजूला केला. "साहेब, मला हिंदी नीट येत नाही," ते अडखळत म्हणाले. "मराठी बोलणारं कोणी असेल तर द्या ना."

मोहनाताई बघतच राहिल्या. वाघोडियाच्या कारखान्यात तीस वर्षं उत्तरेकडच्या कामगारांबरोबर काढलेला हा माणूस मंडळात अस्खलित हिंदीत विनोद सांगायचा.

"लाइन होल्ड कीजिए," पलीकडून उत्तर आलं. मग खूप माणसं एकाच वेळी बोलत असल्यासारखा गलका ऐकू येऊ लागला. वसंतरावांनी डोळे मिटले आणि स्पीकर चालू असूनही मोबाइल कानाशी धरला.

"हे खोटं आहे, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे."

"रोज असंच चालतं?"

"काल सात आले." डोळे न उघडताच ते म्हणाले. "ताई, एवढा एक होऊ द्या."

मोहनाताई मागे टेकल्या. तीन वर्षं घसा फोडून काय मिळवलं, असं त्यांना वाटलं. 

दहा मिनिटांनी पलीकडे कोणीतरी आलं. आवाज कोवळा होता, मराठी.

"नमस्कार. मी... मी इन्स्पेक्टर कदम बोलतोय. तुमच्यावर गुन्हा नोंद आहे."

वसंतरावांनी डोळे उघडले. त्यांचे खांदे एकदम खाली आले. आता कुठे घाबरले, मोहनाताईंच्या मनात आलं.

"खोलीत दुसरं कोणी आहे का? दार लावून घ्या."

"कोणी नाही," वसंतराव म्हणाले आणि मोहनाताईंकडे बघून त्यांनी हात जोडले. गप्प राहा, एवढंच ते मागत होते.

"कॅमेरा चालू करा आणि आधार कार्ड..."

"करतो. तिकडे अंधार पडला का रे?"

 पाणीगेटच्या खिडकीत अजून लख्ख ऊन होतं.

"पडला," कोवळा आवाज अगदी हळू आला. "काका, असलं विचारू नका. ऐकतात इथे."

"घाबरू नकोस, बाळा. तुला जे वाचायला दिलंय ते वाच. मी शेवटपर्यंत ऐकतो, फोन ठेवत नाही, म्हणजे तुला मारणार नाहीत." वसंतरावांनी मोबाइल तोंडाजवळ नेला. "फक्त एवढं सांग, तिथे बडोद्याचा उन्मेष मोहिते आहे का? दिसला तर त्याला म्हणावं, बाबा प्रत्येक फोन उचलतायत."